विद्या विकावी की वाटावी? जालन्याच्या बेथेलपासून पुण्याच्या लॉ क्लासपर्यंत

भोकरदन तालुक्यातील माझे गाव, पिंपळगाव रेणुकाई, मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. मिरचीचा भाव दिवसागणिक बदलतो, पण व्यवहारात आडपडदा नसतो. माल समोर, काटा समोर, पैसे समोर. मराठवाड्यातील अशा बाजारगावांत आता आडत दुकानांच्या शेजारीच क्लासेसचे फलक दिसू लागले आहेत. तेथे जे विकले जाते ते काट्यावर ठेवता येत नाही. म्हणूनच त्याचे मोल कोणी ठरवावे, ते कोणाला परवडावे आणि शिकवणाऱ्याने कोणाला उत्तरदायी असावे, हे प्रश्न पुन्हा पुन्हा उभे राहतात.

हे प्रश्न ‘लातूर पॅटर्न’बरोबर जन्मलेले नाहीत. एकोणिसाव्या शतकात आपल्याच जिल्ह्यात, जालना शहराजवळ, एका माणसाने या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात आयुष्य घालवले. त्याचे नाव नारायण शेषाद्री. तो जन्माने ब्राह्मण आणि विश्वासाने ख्रिस्ती होता. या धाग्यात त्याची आणि त्याच्या आगेमागे होऊन गेलेल्या काही शिक्षकांची गोष्ट सांगायची आहे. ख्रिस्ती धर्म चांगला की वाईट, धर्मांतर योग्य की अयोग्य, हा येथील विषय नाही. शिकवण्याची संस्था उभारताना धर्मश्रद्धा पैशाच्या व्यवहाराला कोणते वळण देते, एवढेच पाहायचे आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. पैसे घेऊन शिकवण्याविषयीचा संकोच आपल्याकडे जुना आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कोणाला बोलावू नये याची जी यादी आहे, तिच्यात ‘भृतकाध्यापक’, म्हणजे वेतन घेऊन अध्यापन करणारा, येतो. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’तही केवळ पोटासाठी विद्या वापरणाऱ्याला ज्ञानाचा व्यापारी ठरवले आहे. व्यवहार मात्र वेगळाच होता. गावोगावचे पंतोजी मुलांच्या पालकांकडून काही पैसे, काही धान्य आणि सणासुदीची भेट घेतच होते. शास्त्रात निषेध आणि ओसरीवर पायलीभर ज्वारी, असे आपले एकंदर धोरण होते.

युरोपातही हीच अडचण वेगळ्या रूपात होती. मध्ययुगीन चर्चच्या कायदेपंडितांचे म्हणणे असे की ज्ञान ही देवाची देणगी आहे आणि देवाची देणगी विकता येत नाही. मग शिक्षकाने जगावे कसे? ११७९ सालच्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने ठरवले की प्रत्येक मुख्य चर्चने एका शिक्षकाच्या उपजीविकेची सोय करावी आणि त्याने गरीब विद्यार्थ्यांना मोफत शिकवावे. शिकवण्याचा परवाना देताना पैसे घेण्यासही परिषदेने मनाई केली. पुढे पंडितांनी आणखी एक वाट काढली. ज्ञान विकता येत नसले तरी शिक्षकाला त्याच्या श्रमाचा मोबदला घेता येतो, असे त्यांनी मांडले. मला ही वाट फार महत्त्वाची वाटते, कारण आजही फीचे समर्थन करताना आपण नकळत हाच युक्तिवाद करतो.

खुद्द बायबलमध्ये या बाबतीत एक ताण आहे. विनामूल्य लाभलेले विनामूल्य वाटावे, अशी शिकवण येशू शिष्यांना देतो. काम करणाऱ्याला त्याचा मोबदला मिळायला हवा, असेही तोच सांगतो. प्रेषित पौलाने यातून स्वतःपुरता मार्ग काढला. शिकवण्याबद्दल मोबदला घेण्याचा हक्क आपल्याला आहे, हे त्याने ठासून मांडले आणि तरीही करिंथ शहरात तंबू तयार करण्याचा धंदा करून तो जगला. पुढे ज्यांच्याविषयी लिहायचे आहे, त्या सर्वांना ही वचने पाठ होती. त्यातील कोणते वचन कोणी उचलले, यावरून त्यांच्या संस्थांची घडण ठरत गेली.

आता मुंबईकडे वळू. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले आणि १८३२ साली त्यांनी आंब्रोळी भागात इंग्रजी शाळा सुरू केली. आजचे विल्सन महाविद्यालय याच शाळेच्या परंपरेतले. तिचा व्यवहार उघड होता. मुलांना इंग्रजी हवे होते, कारण इंग्रजीमुळे कचेरीत नोकरी मिळे. मिशनऱ्यांना मुलांच्या कानांवर बायबल घालायचे होते. मुलांनी इंग्रजीसाठी बायबलचा तास सोसायचा आणि मिशनऱ्यांनी बायबलसाठी व्याकरण, भूमिती शिकवायची, असा हा अलिखित करार होता. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांनी १८३० साली हीच रीत सुरू केली होती. आजच्या भाषेत बोलायचे तर इंग्रजी ही बाजारातील मागणी होती आणि बायबल हे शाळेचे प्रयोजन.

असा करार जोवर कोणी धर्मांतर करत नाही, तोवर सुखाने चालतो. १८३९ साली धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. मुंबईत वादळ उठले, प्रकरण न्यायालयात गेले आणि पारशी पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. शाळा चालवणाऱ्याच्या नजरेने पाहा. दोन विद्यार्थी मिळाले आणि वर्ग रिकामा झाला. निव्वळ हिशेबी चालकाने यापुढे असे काही होणार नाही, अशी हमी पालकांना दिली असती. विल्सन यांनी तशी हमी दिली नाही. शाळा पुन्हा भरेपर्यंत वाट पाहिली.

चारच वर्षांनी तोच प्रसंग पुन्हा आला, आणि या वेळी त्याच्या केंद्रस्थानी आपला नारायण शेषाद्री होता. विल्सन तेव्हा मुंबईबाहेर दीर्घ प्रवासात होते. १३ सप्टेंबर १८४३ रोजी रॉबर्ट नेस्बिट यांनी नारायणला बाप्तिस्मा दिला. त्याचा सुमारे बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता आणि त्यांच्याबरोबर जेवला होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली. सर अर्स्किन पेरी यांनी मुलाचे वय लक्षात घेऊन त्याला वडिलांच्या स्वाधीन केले.

पुढचा वाद आपल्याला शाळेच्या पुस्तकातून थोडाफार माहीत असतो. मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे, अशी भूमिका घेतली आणि सनातन्यांचा रोष पत्करला. बाळशास्त्रींची बाजू सांगताना आपण बहुधा श्रीपतपाशी थांबतो. मोठ्या भावाचे पुढे काय झाले, हे क्वचितच विचारले जाते.

१८४३ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी १८ मे रोजी स्कॉटलंडचे चर्च फुटले. गावाचा पाळक कोणी नेमावा, जमीनदाराने की मंडळीने, हा वादाचा मुद्दा होता. जमीनदाराचा हक्क अमान्य करून साडेचारशेहून अधिक पाळक राहते घर आणि पगार सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापन केले. मुंबईतील मिशनरीही फ्री चर्चमध्ये गेले. परिणामी संस्थेसाठी उभी राहत असलेली नवी इमारत त्यांना जुन्या चर्चकडे सोडून द्यावी लागली. म्हणजे एकाच वर्षात पालकांचा विश्वास गेला आणि छप्परही गेले. नारायण शेषाद्रीचे ख्रिस्ती आयुष्य सुरू झाले ते अशा माणसांच्या सहवासात. पैसा देणाऱ्याला शिकवणाऱ्यावर हुकूम चालवता येऊ नये, ही गोष्ट त्या माणसांनी पदरमोड करून सिद्ध केली होती.

मात्र सगळेच ख्रिस्ती शिक्षक एका सुरात बोलत नव्हते. अहमदनगरला १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम चालू होते. त्यांच्या बोस्टन येथील मंडळाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानच्या पाहणीवर आले. त्यांचे मत विल्सन-डफ पद्धतीच्या अगदी उलट होते. इंग्रजी शिकवले की मुले नोकरीकडे जातात. त्यामुळे मिशनचा पैसा सरकारला कारकून पुरवण्यात खर्च होतो, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षण लोकभाषेत द्यावे आणि स्थानिक मंडळीने स्वतःच्या पैशावर, स्वतःच्या माणसांकडून आपला कारभार चालवावा, असा त्यांचा आग्रह होता. मिशनने इंग्रजी शाळांवरील भर कमी केला. सिलोनमधील याच मंडळाची नावाजलेली बट्टिकोटा सेमिनरी १८५५ साली बंद झाली.

अँडरसन यांचा युक्तिवाद वाचताना मला दोन्ही बाजू पटतात आणि दोन्ही खटकतात. बाजार मागेल तेच शिकवायचे नाही, हा बाणा कौतुकास्पद आहे. पण ज्या मुलाला इंग्रजीच्या जोरावर गावगाड्यातून सुटायचे होते, त्याची वाट बोस्टनच्या एका सद्गृहस्थाने बंद करावी, हे कोणत्या न्यायाने? १८४१ ते १८४७ या काळात पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत एक माळी समाजातील मुलगा इंग्रजी शिकत होता. त्याचे नाव जोतीराव फुले. तो ख्रिस्ती झाला नाही. त्या शाळेच्या हिशेबात त्याला तोट्यात धरायचे की नफ्यात?

१८५४ सालीच वुडचा खलिता आला. खासगी शाळांना सरकारी अनुदान मिळू लागले. त्यातील एक अट अशी होती की अनुदान घेणाऱ्या शाळेने विद्यार्थ्यांकडून, थोडी का होईना, फी घेतली पाहिजे. कारण फुकट मिळालेल्या शिक्षणाची किंमत राहत नाही, असे सरकारला वाटे. अशा रीतीने ज्या मिशनशाळा धर्मकार्य म्हणून निघाल्या, त्यांच्या दारातही फीचे पुस्तक आले.

याच १८५४ साली नारायण शेषाद्री यांना फ्री चर्चने पाळक म्हणून दीक्षा दिली. १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते जालन्याला आले. जालना निजामाच्या राज्यात होते आणि तेथे लष्करी छावणी होती. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण अभिमानाने सांगतो, पण शेषाद्री ज्यांच्यात काम करू लागले त्यांच्या वाट्याला त्या पाळण्याची दोरी वळण्याचे काम आले होते. हे शब्दशः खरे आहे. तेव्हाच्या नोंदींत ‘मांग’ म्हणून उल्लेखलेल्या मातंग समाजाकडे दोर वळणे, केरसुण्या करणे, वाजवणे ही बलुत्याची कामे होती आणि मोबदला धान्यात मिळे, तोही गावाच्या मर्जीवर.

येथे मुंबईचा करार कुचकामाचा होता. या मुलांना इंग्रजी शिकवून कोणत्या कचेरीत पाठवणार? त्यांना नोकरीआधी राहायला जागा हवी होती, गावाच्या मर्जीबाहेरचे उत्पन्न हवे होते आणि स्वतःच्या हक्काचे पाणी हवे होते. शाळा काढायची तर आधी गाव वसवणे भाग होते. शेषाद्री यांनी तेच केले. निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांच्याकडून त्यांनी सवलतीच्या अटींवर जमीन मिळवली आणि जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाची वस्ती उभारली. बेथेल हा हिब्रू शब्द असून त्याचा अर्थ देवाचे घर. तेथे उपासनेबरोबर शाळा होती, शेती होती, हातांना कारागिरीचे शिक्षण होते.

या योजनेतील धोरणी बुद्धी पाहण्यासारखी आहे. बाटलेला ब्राह्मण, मुसलमान राज्याचा दिवाण आणि स्कॉटलंडमधील देणगीदार, या तिघांना एका कामात गुंतवणे ही सामान्य गोष्ट नव्हे. १८७३ साली न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस शेषाद्री गेले. परदेशातील भाषणांतून आणि ओळखींतून ते जालन्याच्या कामासाठी मदत मिळवत. एडिनबरो आणि न्यूयॉर्कच्या श्रोत्यांपुढे अस्खलित इंग्रजीत बोलणारा मराठी माणूस त्या काळी किती विरळा होता, याची कल्पना करा. आंब्रोळीच्या परंपरेत मिळालेले इंग्रजी अखेर असे कामी आले. ज्यांना इंग्रजीचा उपयोग नव्हता, त्यांच्यासाठी विहिरी आणि वर्ग उभे करण्याकरिता ते वापरले गेले.

श्रद्धेने येथे व्यवहाराला कोणते वळण दिले? माझ्या मते सर्वांत मोठा फरक पडला तो ‘विद्यार्थी कोण’ या प्रश्नात. शिकवणी चालवणारा कोणीही स्वाभाविकपणे ज्याची फी देण्याची ऐपत आहे, जो लवकर शिकेल आणि ज्याच्या यशाने संस्थेचे नाव होईल, असा विद्यार्थी निवडतो. शेषाद्री यांनी या तिन्ही कसोट्यांवर मागे पडणारा विद्यार्थी निवडला. ज्या जातीत ते जन्मले, तिच्या दृष्टीने या विद्यार्थ्याची सावलीही वर्ज्य होती. माणूस देवाच्या प्रतिरूपात घडलेला आहे, हे वाक्य व्यासपीठावर म्हणणे सोपे असते. ते मानून मांगवाड्यात शाळा काढणे ही वेगळी गोष्ट.

आता दुसरी बाजू. बेथेलमध्ये शिक्षक, पाळक आणि जमिनीची व्यवस्था पाहणारा एकच होता. जो शिकवतो त्याच्याच जागेवर घर, त्याच्याच ओळखीने काम आणि त्याच्याच मागे उपासना, अशा ठिकाणी विद्यार्थ्याला ‘नाही’ म्हणण्याची कितपत मोकळीक असेल? १८७६ ते १८७८ या दुष्काळाच्या काळात दख्खनमध्ये अनेक ठिकाणी भुकेलेले लोक मिशनच्या आश्रयाला गेले आणि अन्नासाठी धर्म बदलल्याचा आरोप सर्वत्र झाला. या आरोपातील तुच्छता मला मान्य नाही. बलुत्याचे धान्य गावाच्या मर्जीवर घेणाऱ्याला स्वार्थी ठरवायचे नाही आणि मिशनचे धान्य घेणाऱ्याला मात्र ठरवायचे, हा दुटप्पीपणा आहे. तरीही परावलंबनाचा प्रश्न खोटा नव्हता. फ्री चर्चच्या पाळकांनी ज्या जमीनदारी हक्काविरुद्ध घरदार सोडले, त्याचेच एक सौम्य रूप जालन्याच्या माळावर उभे राहिले, असे कोणी म्हटले तर मी ते खोडून काढणार नाही.

१८९१ साली नारायण शेषाद्री यांचा समुद्रप्रवासात मृत्यू झाला. एका माणसाच्या वाणीवर, ओळखींवर आणि विश्वासार्हतेवर उभ्या असलेल्या संस्थेचे त्याच्या पश्चात काय होते, हा प्रश्न आजच्या ‘सरांच्या’ क्लासेसनाही पडत असेल.

पैसा कोणाचा आणि अट कोणाची, हा गुंता सर्वांत प्रखरपणे अनुभवला तो पंडिता रमाबाईंनी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८७च्या डिसेंबरमध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. धर्मशिक्षण द्यायचे नाही, ही त्यामागची अट होती. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या बालविधवेने पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह केला, हे सर्वांना ठाऊक आहे.

रमाबाई स्वतः पहाटे प्रार्थना करत आणि त्यांच्या खोलीचे दार उघडे असे. कोणी मुलगी आत येऊन बसली तर तिला त्या उठवत नसत. हे अटीत बसते का? १८९३ साली या प्रश्नावरून सल्लागार मंडळातील न्या. रानडे, डॉ. भांडारकर आदी मंडळी बाहेर पडली आणि सुमारे पंचवीस मुली काढून नेण्यात आल्या. आंब्रोळीचीच कथा पुन्हा पुण्यात घडली. फरक एवढाच की या वेळी संस्थाचालक एक मराठी स्त्री होती आणि तिला दोन्हीकडून ऐकून घ्यावे लागत होते. मिशनच्या लोकांना वाटे की ती ख्रिस्ताचे नाव पुरेशा मोठ्याने घेत नाही. पुणेकरांना वाटे की ती ते घेते, हेच फार झाले.

दहा वर्षांची मुदत संपत आली तसे रमाबाईंनी धोरण बदलले. ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर यांनी हजारो अनाथ मुलांचा सांभाळ कोणाकडेही हात न पसरता, केवळ प्रार्थनेवर भरवसा ठेवून केला होता. त्यांचे लेखन रमाबाईंनी वाचले होते. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शंभर एकर माळावर मुक्तिसदन उभे राहिले. १९००च्या सुमारास तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, दुग्धव्यवसाय, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल, असे उद्योग तेथे चालत. ठरलेल्या वर्गणीची हमी नसताना एवढा पसारा मांडणे कोणत्याही हिशेबनीसाला वेडेपणाच वाटले असते.

म्यूलर दरवर्षी आपल्या संस्थेचा अहवाल छापत आणि मुक्तिसदनाचेही इंग्रजी वार्तापत्र परदेशी वाचकांकडे जाई. न मागणे हीसुद्धा मागण्याची एक रीत होऊ शकते, असा शेरा कोणी मारला आहे का ते ठाऊक नसले तरी मारण्याजोगा आहे. पण रमाबाईंच्या दृष्टीने फरक खरा होता. देणगीदार अनोळखी आणि विखुरलेले असले की सल्लागार मंडळ होऊन अटी घालायला कोणी बसत नाही.

ही चर्चा केवळ ख्रिस्ती संस्थांत चालली होती असे समजू नका. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळ गंगाधर टिळक यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि लवकरच आगरकर त्यांना येऊन मिळाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. मिशनशाळांना देशी पर्याय उभा करायचा, ही त्यामागची एक प्रेरणा. पण आजीव सभासदांनी अल्प वेतनावर आयुष्य वाहून घ्यायचे, ही कल्पना जेझुइट संघाच्या व्रतस्थ शिक्षकांच्या आदर्शावर बेतलेली होती. टिळकांनी स्वतः या आदर्शाचा उल्लेख केला आहे. जेझुइटांचा मूळ नियमच असा की विद्यार्थ्यांकडून शिकवण्याचे शुल्क घ्यायचे नाही. ही बंदी पोपने १८३३ साली शिथिल केली. पुण्याच्या संस्थेने फी माफ केली नाही, परंतु शिक्षकाचा लोभ मात्र व्रताने बांधला.

मग व्रताचा अर्थ काय, यावर सभासदांत जुंपली. फावल्या वेळात पुस्तके लिहून किंवा इतर कामे करून मिळवलेले पैसे सभासदाने ठेवावेत का? टिळकांचे म्हणणे असे की सगळा वेळ संस्थेचा, त्यामुळे बाहेरची मिळकत नको. आगरकर, गोखले यांना हा अर्थ फार ताणलेला वाटला. १८९० साली टिळक बाहेर पडले. भांडणाला वैयक्तिक कंगोरेही होते, पण तात्त्विक मुद्दा हा होता.

यानंतर टिळकांनी उपजीविकेसाठी काय केले? वकिलीच्या परीक्षांना बसणाऱ्यांसाठी पुण्यात फी घेऊन लॉ क्लास काढला आणि तो काही वर्षे चालवला. लातूरला कापसाच्या जिनिंग कारखान्यातही भागी घेतली. व्रताच्या आत असताना बाहेरची दिडकी नको म्हणणाऱ्या माणसाने व्रताबाहेर पडल्यावर उघडपणे क्लास चालवला, यात मला विसंगती दिसत नाही. त्यागाचे नाव घेऊन नफा करायचा नाही आणि नफ्याचा धंदा करायचा तर तो त्याग म्हणून मिरवायचा नाही, एवढा चोख हिशेब त्यामागे होता. आमच्याकडे काही फलकांवर ‘सेवाभावी’ हा शब्द आणि फीचा आकडा एकाच ओळीत दिसतो, तेव्हा मला या लॉ क्लासची आठवण होते.

दुसऱ्या टिळकांशिवाय ही कथा पुरी होत नाही. नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले आणि अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे अध्यापन व लेखन करत राहिले. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडले. परदेशी पैशावर चालणाऱ्या धर्मकार्याला इथल्या मातीत मूळ धरता येणार नाही, असे त्यांचे मत झाले होते. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोघेही येऊ शकतील असा ‘देवाचा दरबार’ त्यांनी मांडला. तो नीट रुजण्याआधीच, ९ मे १९१९ रोजी, त्यांचे मुंबईत निधन झाले.

पगार सोडण्याचा निर्णय टिळकांनी घेतला, पण महिनाअखेरचा मेळ लक्ष्मीबाईंना घालावा लागे. हातात आलेला पैसा वाटून मोकळ्या होणाऱ्या नवऱ्याबरोबर संसार कसा चालतो, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये हसत हसत आणि जराही गय न करता सांगितले आहे. संस्थांचे अहवाल देणगीदारांची नावे छापतात, जमाखर्च छापतात. घरात पीठ किती उरले होते, हे जाणून घ्यायचे असेल त्यांनी लक्ष्मीबाईंचे पुस्तक उघडावे.